एच-इंडेक्स ११ आहे, बढतीचा अर्ज करू की थांबू?

प्रश्न : मी जीववैद्यकीय संशोधक आहे. स्नायूंच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावर काम करते. पीएचडीला दहा वर्षं झाली. माझे २६ शोधनिबंध आहेत. वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या डेटाबेसवर एकूण १,९४० सायटेशन, म्हणजे इतर पेपरांनी दिलेले संदर्भ, आणि एच-इंडेक्स ११ (प्रत्येकी किमान ११ सायटेशन असलेले ११ पेपर) दिसतो. त्यातले १,२०० सायटेशन एका बहुसंस्था प्रकल्पाच्या पेपरचे आहेत, ज्याच्या ऐंशी लेखकांत माझं नाव मध्ये कुठेतरी आहे. आणखी ३१० एका प्रोटोकॉल पेपरचे, ज्यात फक्त प्रयोगाची पद्धत पायरीपायरीने दिली आहे. ज्या कामात माझा खरा जीव गुंतलाय, ज्यात आम्ही एका जनुकीय बदलामुळे हा आजार कसा होतो ते दाखवलं, त्या पेपरला पाच वर्षांत फक्त १९. तोही साध्याशा जर्नलमध्ये. माझ्याच विभागातला माझ्या बरोबरीचा सहकारी स्तनाच्या कर्करोगावर काम करतो. त्याच्या गूगल स्कॉलर प्रोफाइलवर एच-इंडेक्स ३४ आहे.

चार महिन्यांनी बढतीचे अर्ज आहेत. विभागप्रमुख म्हणाले, "आधी पंधरापर्यंत न्या, मग बघू." उपायही त्यांनीच सुचवले : प्रत्येक पेपरमध्ये स्वतःचे जुने संदर्भ घाला, दोन-तीन रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे लेख) लिहा, विभागातल्या लोकांनी एकमेकांच्या पेपरवर नावं टाका. गूगल स्कॉलरवर माझा आकडा १६ दिसतो, पण तिथे माझ्याच नावाच्या दुसऱ्या संशोधिकेचे पेपर मिसळले आहेत. मैत्रीण म्हणते, राहू दे तसंच. उलट लग्नाआधीच्या आडनावाने छापलेले माझे चार पेपर वेब ऑफ सायन्समध्ये माझ्या नावाला जोडलेलेच नाहीत. रात्री अंथरुणावर पडल्यावर हेच आकडे डोक्यात फिरतात. माझं काम कमी दर्जाचं आहे का? आणि मी काय करू?

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मुदत आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी. अर्ज करा. याच फेरीत करा.

विभागप्रमुखांनी ११ चे १५ करा असं सांगितलं, तेव्हा हिशेब बहुधा केला नसावा. एच-इंडेक्स १५ म्हणजे प्रत्येकी किमान पंधरा सायटेशन असलेले पंधरा पेपर. म्हणजे नुसते चार पेपर वर यायला हवेत असं नाही; आज ज्यांच्या जोरावर ११ दिसतोय त्यांतले जे बारा-तेरावर आहेत तेही पंधरापर्यंत जायला हवेत. आज पाठवलेला पेपर चार महिन्यांत छापून आला तरी नशीब म्हणायचं. त्यातले संदर्भ डेटाबेसमध्ये चढायला आणखी वेळ लागतो. थोडक्यात, सरळ मार्गाने हे होणार नाही, आणि वाकड्या मार्गाने तुम्ही जाऊ नये असं मला अगदी मनापासून वाटतं. त्या मार्गांबद्दल पुढे लिहिते.

आधी घर आवरायचं काम. त्या दुसऱ्या संशोधिकेचे पेपर आजच्या आज प्रोफाइलमधून काढा. निवड समितीतला एखादा सभासद प्रोफाइल उघडतो, यादी खालपर्यंत वाचतो आणि स्नायूंच्या आजारांमध्ये अचानक त्याला भलत्याच विषयावरचा पेपर दिसतो. त्या क्षणापासून तो तुमच्या बाकीच्या यादीकडेही संशयाने पाहू लागतो. पण पकडले जाण्याची भीती बाजूला ठेवली तरी ती मेहनत कुणा दुसरीची आहे. तिचं श्रेय तुमच्या नावावर एक दिवसही राहू नये. गूगल स्कॉलर हे मिश्रण स्वतःहून करतं, त्यात तुमचा दोष नाही. पण कळल्यावर तसंच ठेवलं तर तो तुमचा निर्णय ठरतो.

जुन्या आडनावाचे चार पेपर मात्र तुमच्या हक्काचे आहेत आणि ते मिळवण्यात कसलाही संकोच नको. ऑर्किड क्रमांक नसेल तर काढा. २०१२ पासून ही सोय आहे : सोळा अंकांची एक ओळख, जी नाव बदललं, संस्था बदलली, देश बदलला तरी तीच राहते. दोन्ही आडनावांचे पेपर तिथे जोडा. मग वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस या दोन्ही डेटाबेसमध्ये लेखक-नोंद दुरुस्त करण्याची विनंती पाठवा. ही दुरुस्ती व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून हे या आठवड्यातच करा. त्याने ११ चे १२ झाले तर तो वाढलेला आकडा शंभर टक्के खरा असेल. लग्नानंतर नाव बदललेल्या कितीतरी संशोधिकांचं सुरुवातीचं काम असं हरवलेलं असतं, आणि अर्जात त्या स्वतःच्याच कामाचा एक भाग सोडून देतात. याचं मला फार वाईट वाटतं.

आता पहिला प्रश्न. माझं काम कमी दर्जाचं आहे का?

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. तुमचा आकडा तुम्ही वेब ऑफ सायन्सवरून दिलात आणि सहकाऱ्याचा गूगल स्कॉलरवरून. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवताच येत नाहीत. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीच खुले केलेले मसुदे), परिषदांचे गोषवारे, पुस्तकातली प्रकरणं असं सगळं मोजतं. वेब ऑफ सायन्स फक्त निवडलेली जर्नल आणि ठरावीक स्रोत धरतं. त्यामुळे एकाच माणसाचा स्कॉलरवरचा आकडा जवळजवळ नेहमीच मोठा येतो. सहकाऱ्याचा वेब ऑफ सायन्सवरचा आकडा पाहिलात तर अंतर कमी दिसेल. तरीही अंतर राहील, आणि ते का राहील हे समजून घेणं जास्त महत्त्वाचं आहे.

होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एच-इंडेक्स सुचवला, तो मुख्यतः भौतिकशास्त्रज्ञांसाठी. एक आकडा माणसाच्या कामाचा फार तर ढोबळ अंदाज देऊ शकतो आणि वेगवेगळ्या विषयांत हे आकडे वेगळे येतात, हे त्या पहिल्या पेपरमध्ये त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे समित्यांनी सूत्र उचललं आणि इशारा मागे राहिला. सायटेशन कोण देतं? त्याच विषयावर लिहिणारे लोक. स्तनाच्या कर्करोगावर जगभरात दरवर्षी हजारो पेपर निघतात आणि प्रत्येकाच्या शेवटी पन्नास-साठ संदर्भ असतात. तुमच्या आजारावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा किती आहेत? तुम्ही त्यातल्या बहुतेकांना नावानिशी ओळखत असाल. तिथे पाच वर्षांत १९ सायटेशन म्हणजे तुमच्या क्षेत्रातल्या जवळपास प्रत्येकाने तो पेपर वापरला असंही असू शकतं. हे अंदाजावर सोडू नका, मोजा. कसं ते सांगते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची आयसाइट नावाची मोफत सेवा आहे. पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या सूचीत असलेल्या पेपरचा क्रमांक टाकला की ती त्याचा सापेक्ष सायटेशन दर दाखवते. या मापाची पद्धत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तुमच्या पेपरसोबत इतर कोणते पेपर उद्धृत होतात ते पाहून त्याचं क्षेत्र ठरवायचं आणि त्या क्षेत्रातल्या अपेक्षित वेगाशी तुलना करायची, अशी ती कल्पना आहे. त्या संस्थेच्या निधीतून झालेल्या पेपरचा मधला आकडा १.० धरलेला आहे. १९ सायटेशन असलेल्या पेपरचा हा दर ०.८ निघेल की २.५, हे मला इथून सांगता येणार नाही. पण नुसत्या १९ या आकड्यापेक्षा तो दर तुम्हाला कितीतरी जास्त काही सांगेल. सायटेशन थोडे असले की हा दरही दोन-चार नव्या संदर्भांनी वरखाली होतो, एवढं लक्षात असू द्या. याच सेवेत आणखी एक रकाना आहे : चिकित्साविषयक लेखांनी, म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्यांच्या अहवालांनी किंवा मार्गदर्शक सूचनांनी, तुमचा पेपर किती वेळा उद्धृत केला. तुमच्यासारख्या कामात तो रकाना मी आधी पाहीन.

आणि कोणत्याही सायटेशन मोजणीत न दिसणारी एक जागा तुम्ही जरूर तपासा. जनुकीय बदल आणि आजार यांचा संबंध नोंदवणारा क्लिनव्हार हा खुला डेटाबेस तुम्हाला ठाऊकच असेल. तिथे एखादा बदल 'अर्थ अनिश्चित' या गटातून 'आजारकारक' गटात टाकताना प्रयोगशाळा पुरावा म्हणून पबमेडचे क्रमांक देतात. तुमच्या बदलाची नोंद उघडा आणि तुमचा पेपर तिथे आहे का पाहा. असेल, तर एखाद्या कुटुंबाला वर्षानुवर्षांच्या तपासण्यांनंतर निदान मिळायला तुमच्या कामाचा हातभार लागला असण्याची खरी शक्यता आहे. एच-इंडेक्समध्ये याची भर शून्य पडते. माझ्या लेखी जीववैद्यकीय संशोधनाचं यापेक्षा मोठं फळ क्वचितच असेल. तुमच्या अर्जात ते ठळक यायलाच हवं.

जर्नल साधं आहे म्हणून जी सल आहे, तिच्याविषयी थोडं. इम्पॅक्ट फॅक्टर हे जर्नलचं माप आहे : आधीच्या दोन वर्षांतल्या मजकुराला या वर्षी मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतले लेख. ही सरासरी एकाच पेपरने किती उडू शकते याचं उदाहरण क्रिस्टलशास्त्रात आहे. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ मध्ये आपल्या संगणकप्रणालीविषयी एक लेख 'अॅक्टा क्रिस्टॅलोग्राफिका'च्या ए विभागात लिहिला. ती प्रणाली वापरणारा प्रत्येक जण तो लेख उद्धृत करू लागला. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर दोनच्या आसपास होता, तो २००९ साठी जवळपास ५० झाला आणि तो लेख मोजणीच्या खिडकीतून बाहेर पडल्यावर पुन्हा दोनच्या आसपास आला. त्या काळात तिथे छापलेले बाकीचे लेख पंचवीस पटींनी चांगले झाले नव्हते. तुमच्या पेपरची प्रत त्याच्या शेजारच्या पेपरवरून ठरत नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका बैठकीतून निघालेल्या संशोधन-मूल्यमापन जाहीरनाम्यात, ज्याला सगळे डोरा म्हणतात, नेमकं हेच सांगितलं आहे : नेमणूक आणि बढती ठरवताना जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर हा व्यक्तीच्या कामाचं माप म्हणून वापरू नका. तुमच्या संस्थेने त्यावर सही केली आहे का पाहा. केली असेल तर अर्जात एका ओळीत त्याचा उल्लेख करा, भांडणाचा सूर न लावता.

प्रोटोकॉल पेपरविषयी तुम्ही थोड्या अपराधी सुरात लिहिलंत. तसं वाटण्याचं काही कारण नाही. आजवर सर्वाधिक उद्धृत झालेला शोधनिबंध म्हणजे ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा, द्रावणातलं प्रथिन मोजायची पद्धत सांगणारा. त्याला तीन लाखांहून जास्त सायटेशन आहेत. त्यात एकही थक्क करणारा शोध नाही. एक पद्धत आहे जी लोकांच्या हातात चालली. तुमच्या प्रोटोकॉलला ३१० संदर्भ मिळाले याचा अर्थ तितक्या पेपरमागच्या लोकांनी तुमच्या पायऱ्या वापरल्या किंवा निदान विचारात घेतल्या. अर्जात त्याला 'पद्धत' म्हणूनच मांडा आणि अभिमानाने मांडा.

सायटेशन म्हणजे शाबासकी हेही गृहीत धरू नका. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा 'लॅन्सेट'मधला पेपर २०१० मध्ये मागे घेण्यात आला. त्याला मिळालेली सायटेशन प्रचंड आहेत, आणि त्यातली बरीचशी तो कसा चुकीचा होता हे सांगण्यासाठीच आहेत. मोजणाऱ्या यंत्राला हा फरक कळत नाही.

उशिरा ओळखल्या गेलेल्या कामांची उदाहरणं तुम्हाला कुणीतरी ऐकवली असतील. कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांचा आरएनएवरचा २००५ चा पेपर 'नेचर'ने नाकारल्यावर 'इम्युनिटी'मध्ये आला, बरीच वर्षं फारसा चर्चेत नव्हता आणि २०२३ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. याचा दिलासा म्हणून उपयोग करणं मला पटत नाही. कमी उद्धृत झालेले बहुतेक पेपर पुढेही कमीच उद्धृत होतात. या गोष्टीतून एवढंच खात्रीने म्हणता येतं की पाच वर्षांचा आकडा हा अंतिम निकाल नव्हे. तुमचा पेपर चांगला आहे की नाही हे तो वाचूनच ठरेल, आणि समितीला तो वाचायला लावणं हेच तुमच्या अर्जाचं काम.

आता विभागप्रमुखांचे उपाय. नवं काम जुन्या कामावर उभं असेल तिथे स्वतःचा संदर्भ द्यायलाच हवा. तो टाळणंही चूक. पण आकडा ढकलायला जे संदर्भ घालतात त्यांची एक खूण असते. सीमारेषेच्या एक-दोन खाली अडकलेले पेपरच नेमके वारंवार उद्धृत होतात, आणि विषयाशी संबंध ओढूनताणून असतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स दोन्हींमध्ये स्वतःचे संदर्भ वगळून आकडा पाहता येतो. समितीत तसं पाहणारा एखादा सभासद असतोच. रिव्ह्यूंना सरासरीने जास्त सायटेशन मिळतात हे खरं आहे. तुमच्या आजारावर गेल्या काही वर्षांत चांगला रिव्ह्यू आला नसेल आणि तुम्हाला काही मांडायचं असेल तर एक जरूर लिहा, पण अर्जानंतर. हे चार महिने त्यात घालवू नका.

एकमेकांच्या पेपरवर नावं टाकण्याला माझा स्पष्ट नकार आहे. वैद्यकीय जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकपणाचे चार निकष आहेत : कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाचे बदल करणं, अंतिम प्रतीला मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हावे लागतात. शेवटचा विसरला जातो. उद्या त्या पेपरमधली एखादी प्रतिमा फिरवाफिरवीची निघाली तर तिथलं तुमचं नावही उत्तर द्यायला बांधील असतं. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त शोधनिबंध मागे घेतले गेले, त्यातले आठ हजारांहून जास्त एकट्या हिंदावी या प्रकाशनसमूहाचे. पैसे घेऊन लेखकपण विकणाऱ्यांचा मालही त्यात होता. तुमच्या २६ पेपरमध्ये आज असा एकही नाही. ही यादी अशीच स्वच्छ ठेवा.

विभागप्रमुखांना हे सगळं ऐकवू नका. "सर, आकडा चार महिन्यांत बदलणार नाही, पण माझ्या कामाचा परिणाम मी कागदावर मांडलाय, तुम्ही एकदा वाचाल का?" एवढं म्हणा आणि दोन पानं त्यांच्या हातात द्या.

ती दोन पानं कशी लिहायची? २६ मधून पाच पेपर निवडा. यादी सायटेशनच्या क्रमाने लावू नका. प्रत्येकाखाली चार-पाच वाक्यं : आधी काय माहीत नव्हतं, तुम्ही स्वतः नेमकं काय केलं, त्यानंतर काय बदललं. विशेषणं नकोत. तुमच्या त्या पेपरसाठी मी साधारण असं लिहीन :

"या बदलाचा आजाराशी संबंध आहे की नाही हे अनिश्चित होतं. रुग्णांच्या स्नायूपेशींवरचे प्रयोग मी आखले आणि केले. या पेपरची मी प्रथम आणि पत्रव्यवहार लेखिका आहे. बदलामुळे प्रथिन पेशीत योग्य जागी पोहोचत नाही हे आम्ही दाखवलं. त्यानंतर अमुक प्रयोगशाळांनी या पुराव्याच्या आधारे बदलाचं वर्गीकरण सुधारलं. पेपरला १९ सायटेशन असून या आजारावर काम करणाऱ्या अमुक गटांपैकी अमुक गटांनी तो वापरला आहे."

'अमुक'च्या जागी खरे आकडे घालायचे आहेत, आणि त्यासाठी एक काम तुम्हाला स्वतः बसून करावं लागेल. ते १९ पेपर उघडा. प्रत्येकात तुमचा संदर्भ कुठे आणि कशासाठी आलाय ते वाचा. प्रस्तावनेत इतर आठ जणांबरोबर एका कंसात आलाय, की पद्धतीच्या भागात "यांच्याप्रमाणे केले" म्हणून, की चर्चेत तुमच्या निष्कर्षाची कुणी स्वतंत्रपणे खातरजमा केली म्हणून? तीन ठिकाणी जरी कुणी तुमचं काम पुन्हा करून पाहिलं असेल आणि ते टिकलं असेल, तर ते वाक्य अर्जात सगळ्यात वजनदार ठरेल. कुणी मतभेद मांडला असेल तर तोही लिहा आणि त्यावर तुमचं म्हणणं सांगा. समित्यांसाठी अर्ज वाचताना माझं लक्ष अशा ओळीवर थांबतं, कारण ती लिहायला स्वतःच्या कामाची पूर्ण खात्री लागते.

एच-इंडेक्सचा रकाना अर्जात असेल तर आकडा लपवू नका. डेटाबेसचं नाव आणि तारीख लिहून द्या. कारकिर्दीत प्रसूती रजा, आजारपण किंवा प्रयोगशाळा बदलल्यामुळे खंड पडला असेल तर तो काळही लिहा. दहा वर्षांत दोन वर्षांचा खंड असेल तर सायटेशन साचायचा काळही तितकाच कमी झालेला असतो, आणि हे कुणी तुमच्यासाठी आपणहून मोजणार नाही.

राहिला तो ऐंशी लेखकांचा पेपर. १,२०० हा आकडा मोठ्या अक्षरात लिहायचा मोह होईल. तो त्या पाचांत घेऊ नका. पूर्ण यादीत ठेवा आणि त्याखाली एका ओळीत तुमचा वाटा लिहा : किती रुग्णांचे नमुने तुमच्याकडून गेले, कोणतं विश्लेषण तुम्ही केलंत. जर्नलने लेखकांच्या वाट्याची नोंद छापली असेल तर शब्द तिच्याशी जुळू द्या. आणि एकूण सायटेशनचा आकडा देताना १,९४० सोबत हा पेपर वगळून येणारा ७४० हाही द्या. तुमच्याआधी हा हिशेब समितीने केला तर त्याचा अर्थ वेगळा लागेल. तुम्हीच केलात, तर तो तुमच्या बाजूने बोलेल.